पासंग

शनिवारी सकाळी काट्याने त्रेसष्ट किलो सांगितलं आणि अर्ध्या तासाने पट्ट्याने नवं भोक मागितलं. झालं एवढंच. दुसरा कुणी असता तर पँट वर ओढून कामाला लागला असता. हा मात्र पलंगाच्या कडेवर बसून राहिला, मांडीवर पट्टा, हातात दाभण. चामड्यावर त्याच्या आजारपणाचा सगळा प्रवास उमटलेला होता. तिसरं भोक ताणून लांबट झालेलं, ते धडधाकट दिवसांचं. पाचवं ऑपरेशननंतरचं. डॉक्टरबाईंनी पोटातल्या गाठीसकट जठराचा मोठा तुकडा काढून टाकला आणि 'आता थोडं थोडं, सहा वेळा खायचं' असं सांगून घरी पाठवलं, तेव्हाचं. त्यापुढची दोन त्याने स्वतः दाभणाने पाडलेली, वेडीवाकडी. आणि आता त्यातलंही शेवटचं सैल पडत होतं. माणसाचं वजन तीन आठवड्यांत किलोभर वाढतं आणि त्याच माणसाची कंबर दोन बोटं आत जाते, असं कुठल्या शास्त्रात बसतं? दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. चामड्याला खोटं बोलायची अक्कल नसते. राहिला काटा. आणि काटा त्याचा स्वतःचा होता.

सगळा भाग त्याला काटेवाला म्हणूनच ओळखायचा. अठ्ठावीस वर्षं त्याने दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले काटे दुरुस्त केले, तपासले, सरकारी शिक्क्याला तयार करून दिले. दुकानात शिरला की दुकानदाराच्या आधी त्याचा तराजू बघायचा. कुणी हात पुढे केला तर मिळवताना नकळत त्या हाताचा अंदाज घ्यायचा, चारशे ग्रॅम, साडेचारशे. बायको म्हणायची, "लग्नाच्या दिवशीसुद्धा तुम्ही माझा हात धरला नव्हता, जोखला होता." नमुन्याच्या पितळी वजनांना त्याने आयुष्यात उघडा हात लावला नाही. चिमट्याने उचलायची, मखमलीत ठेवायची. हाताला घाम असतो, घामाला वजन असतं, आणि एकदा का नमुनाच बाटला की मग जगात खरं काय ते सांगणार कोण? लोक त्याला तिरसट म्हणायचे. होताच तो तिरसट. दुसऱ्याच्या काट्यावर त्याने कधी विश्वास ठेवला नाही. घरातल्या बोळात, भिंतीला पाठ लावून उभा असलेला उंच खांबाचा काटा मात्र वर्षभरात त्याने एकदाही तपासला नव्हता. बंद पडलेल्या एका दवाखान्यातून तो भंगारात निघाला होता. याने त्याची दांडी सरळ केली, दांडी ज्यांच्या धारेवर टेकते त्या सुऱ्या घासल्या, पांढरा रंग दिला. आपल्या हातचा काटा. त्याला काय तपासायचं?

बायको घरात नव्हती. शनिवारी ती चर्चमध्ये जायची, बाकं पुसायला आणि वेदीवरच्या कापडाला इस्त्री करायला. सकाळी तिनेच त्याला काट्यावर उभं केलं होतं. तिनेच दांडी अडवणारी खिट्टी काढली, तिनेच दांडीवरचं वजन टिचक्या मारत सरकवलं. दांडी मधोमध तरंगली तशी म्हणाली, "बघा. त्रेसष्ट." तिचा आवाज जरासा वर गेला होता. मग पर्समध्ये काहीतरी कोंबून घाईघाईने निघून गेली.

तो उठला. पलंगाखालून नमुन्याची लोखंडी वजनं ओढली. एके काळी दोन हातांत वीस-वीस किलोची दोन घेऊन तीन जिने चढायचा, वर पोचल्यावर विडी पेटवायचा. आता वीसचं जागचं हललंसुद्धा नाही. दहाचं हललं, पण उचलल्यावर टाक्यांच्या जागी असं काही ओढलं गेलं की डोळ्यांपुढे पांढरं झालं. शेवटी पाच किलोचं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि बोळापर्यंत नेलं. अकरा पावलं. मध्ये दोनदा भिंतीला टेकला. आपण वजन नेतोय की वजन आपल्याला नेतंय, असा एक विनोद त्याला सुचला, पण ऐकायला कुणी नव्हतं. वजन फळीवर ठेवलं, खिट्टी काढली. दांडी वर आपटली आणि वरच राहिली. त्याने सरकतं वजन पुढे नेलं. सहा. सात. आठ. साडेआठवर दांडी शहाण्यासारखी मधोमध येऊन थांबली.

पाचाचे साडेआठ.

पहिला राग आला तो स्वतःवर. सुरी बसली असेल, गंज धरला असेल, तुझ्याच्याने स्वतःचं दुरुस्त होत नाही आणि निघालास जगाचं करायला. त्याने वजन फळीच्या चारी कोपऱ्यांवर सरकवून पाहिलं. चारी ठिकाणी साडेआठ. म्हणजे काटा बिघडलेला नव्हता. बिघडलेला काटा दर कोपऱ्याला वेगळं बडबडतो, आजारी माणसासारखा. हा तर एकच गोष्ट ठामपणे सांगत होता. असं पढवलेला काटाच बोलतो. त्याचा हात आपोआप खांबामागे गेला, भिंत आणि खांब यांच्या फटीत, जिथे खालून येणारा गज दांडीच्या आकडीला अडकतो. बोटांना दोरा लागला. पडद्याला घालतात तसला जाड, मेण लावलेला. दोऱ्याला तीन गार, गुळगुळीत, चपट्या चकत्या होत्या.

त्याला बघायची गरज नव्हती. शिशाच्या चकत्या. पडद्याच्या खालच्या काठात शिवतात, पडदा सरळ पडावा म्हणून. बायको पंचवीस वर्षं पडदे शिवत होती. घरात कुठेही हात घालावा तर या चकत्या सापडायच्या, ताटाखाली, उशीखाली, एकदा तर त्याच्या बुटात. तीन शनिवार झाले होते. तीन चकत्या. दर शनिवारी एक.

तो तिथेच जमिनीवर बसला. फरशी गार होती आणि बसायला तीच बरी वाटली.

तराजूची दोन पारडी रिकामी असताना एक झुकत असेल, तर दुसऱ्याला खडा बांधून बरोबरी करतात. तो पासंग. प्रामाणिक दुकानदार तो उघड बांधतो आणि लबाड दुकानदार मागे लपवतो. हे त्यानेच तिला सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. एका भंगारवाल्याने खांबामागे, गजाच्या आकडीला, नट अडकवून ठेवला होता. येणाऱ्या मालाला नट काढायचा, जाणाऱ्या मालाला नट लावायचा. याने तो पकडला आणि घरी येऊन जेवताना तिला करून दाखवलं होतं, चमच्याचा गज आणि गुंडीचा नट करून. "इथे सुपारीएवढं टांगलं की तिथे किलोचा फरक. कळलं का?" ती खळखळून हसली होती. डोळे पुसत म्हणाली होती, "केवढं डोकं चालवतात हो माणसं, फसवायला!" तेव्हा तिच्या नाकाला पीठ लागलेलं होतं. एवढ्या वर्षांनी ते पीठ दिसलं, आणि भंगारवाल्याचं तोंड काही केल्या आठवेना. बाई तेव्हा नुसती हसत नव्हती तर. शिकत होती.

मग त्याने हिशेब केला, कारण हिशेब केल्याशिवाय त्याला राहवत नसे. त्रेसष्टातून साडेतीन. साडेएकोणसाठ. डॉक्टरबाईंनी तीन आठवड्यांपूर्वी, सोमवारी, त्यांच्या काट्यावर बासष्ट भरल्यावर स्वच्छ सांगितलं होतं, "साठच्या खाली गेलं तर हे औषध थांबवावं लागेल. शरीर झेलणार नाही." त्याने विचारलं होतं, "आणि थांबवल्यावर?" बाईंनी पेन मिटून ठेवलं होतं. नुसतं पेन मिटलं, बाकी काही नाही. उत्तराला ते पुरलं होतं. पुढची तारीख परवाची, सोमवारची. तिथल्या काट्यामागे कुणी चकती लावलेली नसणार.

पासंग जिथल्या तिथे ठेवून, सरकतं वजन शून्यावर नेऊन, पाच किलो परत पलंगाखाली ढकलून तो पडून राहिला. वर छताला रंगाचा पोपडा सुटला होता. हळूहळू, चूल पेटावी तसा राग पेटत गेला. मरायची बातमी काट्यानेसुद्धा दिली नाही, चोरून काढावी लागली, याचा राग. आणि त्याहून मोठा राग वेगळाच होता. चर्चच्या दाराशी एक फळा होता, मधोमध रेघ मारलेला. डावीकडे विनंतीच्या चिठ्ठ्या, उजवीकडे उपकारस्तुतीच्या. ज्याला जे हवं ते त्याने डावीकडे टाचायचं आणि मिळालं की उजवीकडे येऊन आभार मानायचे. याच्या नावाची चिठ्ठी आठ महिने डावीकडे पिवळी पडत होती. बायकोने गेले दोन रविवार उजवीकडे चिठ्ठी लावली होती. हे त्याला पाळकांकडून कळलं होतं. पाळक तरुण, गुटगुटीत, बोलताना समोरच्याचं कोपर धरणारा. बुधवारी घरी येऊन, कोपर धरून म्हणाला, "काटेवाले, देव ऐकतो की नाही? वजन वाढतंय! या रविवारी उपकारस्तुतीची उपासना आहे. तुम्ही साक्ष द्यायची. दोन शब्द. लोकांना उभारी येते हो."

"आणि वजन घटलं असतं तर?" त्याने विचारलं होतं.

"तरीही आभार. सगळ्यात आभार."

"मग वाढायची वाट कशाला बघत होतात? आठ महिन्यांपूर्वीच बोलवायचं."

पाळक मोठ्याने हसला होता. त्याला वाटलं, विनोद आहे. मंडळीतल्या बऱ्याच जणांचं असंच होतं. भेटायला यायचे, कॉफी प्यायचे, यातही काही योजना असेल म्हणायचे. एकाने तर सांगितलं, तुम्ही भाग्यवान, तुम्हाला तयारीला वेळ मिळाला. हाकलून द्यावासा वाटला होता, पण उठायला ताकद नव्हती. आणि आता बायकोही त्यातलीच निघाली. आधी मागून शिसं बांधायचं, मग पुढून देवाचे आभार मानायचे! भंगारवाला निदान दुसरा भाग तरी करत नव्हता.

आभार या शब्दाशी त्याचं जुनं वैर होतं. आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा. पुरून आल्यावर, दुपारी, शेजाऱ्यांनी आणून दिलेलं जेवण टेबलावर मांडलेलं होतं. बापाने, जो शाळेत घंटा वाजवायचा आणि घरात फारसा बोलायचा नाही, खुर्ची ओढली, मातीने नखं भरलेले हात जोडले आणि रोजच्याच आवाजात म्हणाला, "प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार." रोजच्याच आवाजात! आवाज जरा तरी फाटायला हवा होता. याने चमचा भिरकावला. तो भिंतीवर आपटून कपाटाखाली गेला. बापाने गुडघे टेकून, कपाटाखाली हात घालून चमचा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा याच्या ताटाशी ठेवला. पुढे कितीतरी वर्षांनी, म्हातारा अंथरुणाला खिळला असताना, याने विचारलं होतं, "बाबा, त्या दिवशी आभार कसले मानलेत हो?" म्हाताऱ्याने पांघरुणाबाहेरचे हात उलटसुलट करून पाहिले. म्हणाला, "हात रिकामे होते रे. कुठे ठेवायचे ते कळेना." याला ते तेव्हा पळवाटीसारखं वाटलं होतं. अजूनही वाटत होतं. याने स्वतः कधी जेवणाआधी हात जोडले नाहीत. बायको जोडायची आणि हा तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायचा. पंचवीस वर्षं तसंच.

दार वाजलं. बायको आली, इस्त्रीचा आणि मेणाचा वास घेऊन. पिशवी ठेवता ठेवताच बोलू लागली, "अहो, पाळकांनी पुन्हा विचारलंय. उद्या बोलणार ना? मी सांगितलं, त्यांच्या मनात आलं तर बोलतील, नाहीतर नाही. झोपलात का? चेहरा असा का?"

"कसा?"

"पडलेला."

"चेहऱ्याचं वजन जास्त झालं असेल. त्रेसष्टात त्याचाही वाटा असणारच."

ती थबकली. क्षणभरच. मग पदर खोचत स्वयंपाकघरात गेली. त्याने कान दिले. भांडं ठेवल्याचा आवाज, झाकण, चमचा. तिने वाटीत सूप आणलं. त्याच्यासमोर ठेवून स्वतः समोर बसली, हात जोडले, ओठ हलले. तो खिडकीबाहेर बघायला वळला आणि खिडकीत तिचा नवा पडदा दिसला. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ती प्रत्येक पडदा दोन दिवस घरात टांगून ठेवायची, पडतो कसा ते बघायला. या पडद्याचा एक कोपरा वाऱ्यावर सारखा उडत होता. बाकीचा काठ जड, सरळ. एकच कोपरा हलका.

"तो कोपरा उडतोय," तो म्हणाला.

"चकत्या कमी पडल्या," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता. "आणायच्यात. जेवा ना."

इथे बोलायला हवं होतं. जिभेवर होतंच. खांबामागच्या काढ की, असं सहज म्हणता आलं असतं. पण तिने पुढे वाकून वाटीत बघितलं, आणि त्या बघण्यात असं काही होतं की तो गप्प झाला. गेल्या शनिवारी साडेबासष्ट दिसल्यावर त्याने अख्खी वाटी संपवली होती, हे त्याला आठवलं. त्याच्या आदल्या शनिवारीही. वजन वाढतंय म्हटल्यावर घास कसा का होईना खाली जायचा, पोट बंड करायचं, पण हा त्याला दटावायचा, गप बस, फायदा होतोय. आठवडाभर ती जेवायला बसायची ते त्याचा चमचा मोजत, ओठ न हलवता. आज त्याने एक चमचा घेतला. दुसरा. सूप लोखंडासारखं लागत होतं. तिसरा घशाशी अडला. पोटातून गोळा वर आला, तो धावला, आणि मोरीत सगळं बाहेर आलं, तीन चमच्यांपेक्षा जास्तच, हिरवट. तिने मागून कपाळ धरलं. तिचा तळवा गार होता, बोटांना टोचल्याच्या खुणांचे खरखरीत ठिपके. जोखावा म्हटलं तर जोखता आला नाही. बहुतेक त्याच्याच डोक्याचं ओझं त्यात होतं.

दुपारभर मशीन चाललं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि भिंतीपलीकडे ती शिवत होती. टाक्यांचा आवाज एका लयीत यायचा, मध्येच थांबायचा. थांबला की त्याला वाटायचं, आता रडत असेल. मग पुन्हा सुरू व्हायचा. नवीनच एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली आणि ती ध्यानात यायला नको होती. चकती टांगायची तर किती टांगायची, हे कळायला आधी खरं वजन माहीत असायला लागतं. त्याला काट्यावर उभं करायच्या वेळी दांडी कुठे थांबेल याचा अंदाज असायला लागतो. म्हणजे तीन आठवडे त्याचा खरा आकडा या घरात एका माणसाला माहीत होता. तो आकडा घेऊन ती बाकं पुसत होती, पडदे कापत होती, त्याच्या कपाळाला हात लावत होती. कुणाला सांगणार? आपल्याला तर त्रेसष्टचं सुख होतं. तिला रोज साठ, रोज एकोणसाठ. राग अजून होता, पण तो आता कुणावर ठेवायचा ते समजेना. ठेवायला जागा नसलेली वस्तू हातात धरून उभं राहावं तसं झालं.

रविवारी सकाळी पट्ट्याला नवं भोक पाडून तो चर्चला गेला. तिचा हात त्याच्या काखेत होता, म्हणजे लोकांना दिसायला त्याने तिला धरलं होतं आणि प्रत्यक्षात उलटं. दाराशी गर्दी होती. पाळक कोपर धरायला पुढे आला. बायकोला कुणी बाईने फुलं ठेवायला आत नेलं आणि तो एकटा फळ्यासमोर उरला. त्याला बघायचं नव्हतं. 'वजन वाढलं, प्रभूची स्तुती' असं तिच्या अक्षरात वाचलं की मग तिच्याशी बोलणं कठीण होईल, हे त्याला ठाऊक होतं. पण काटा समोर आला की तपासायचाच, ही सवय. त्याने चष्मा चढवला.

उजवीकडे, सगळ्यांत खाली, तीन चिठ्ठ्या होत्या. पडद्याच्या मापांचा असतो तसल्या रेघांच्या कागदावर, शिवणाऱ्या बाईचं बारीक, सारख्या अंतराचं अक्षर.

पहिली: 'शनिवारी काट्याकडे बघून ते अख्खी वाटी जेवले. आभार.'

दुसरी: 'या आठवड्यात दोनदा हसले. एकदा माझ्यावर. आभार.'

तिसरी ताजी, कालची, शाई अजून गडद: 'अजून घरात आहेत. आभार.'

वजन वाढल्याचा एक शब्द नव्हता. कुठेच नव्हता. वाढलं हे पाळकांनी वाचलं होतं, मंडळीने वाचलं होतं, त्याने तर न वाचताच वाचलं होतं. बाईने काट्याला पढवलं होतं, पण फळ्यावर एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. ज्याचे आभार मानता येत होते तेवढ्याचेच मानले होते. त्याने तिन्ही चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. एखादं नमुन्याचं वजन पहिल्यांदाच बघावं तशा. चष्म्याची काच ओली झाली ती त्याने सदऱ्याला पुसली.

आत गीतं झाली, वाचन झालं. पाळकाने त्याचं नाव नाही, धंदाच पुकारला, "आपले काटेवाले!" तेव्हा लोक हसले, प्रेमानेच. तो उठला. पुढे जायची ताकद नव्हती, म्हणून समोरच्या बाकाची पाठ धरून जागेवरच उभा राहिला. बायको शेजारी बसलेली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. मांडीवर तिचे हात एकमेकांत इतके घट्ट गुंतले होते की पेरं पांढरी पडली होती.

"मला वजन वाढलं म्हणून उभं केलंय," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला. "वजन वाढलेलं नाही. घटलंय. साडेएकोणसाठ."

कुणीतरी खोकलं.

"काटा चुकला होता. माझ्या घरचा काटा. मीच बसवलेला, मीच तपासायचा, मी तपासला नाही. चूक माझी." अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य त्याने कुणासमोर उच्चारलं नव्हतं. या सभागृहात निदान पाच दुकानदार असे बसले होते, ज्यांना त्याने भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, काट्यावरून फाडून खाल्लं होतं. त्यातला एक तिसऱ्या रांगेत हनुवटी वर करून ऐकत होता. ऐक बाबा. मजा कर. "उद्या औषध थांबवतील बहुतेक. त्याचे आभार मला मानता येत नाहीत. कुणाला येत असतील तर त्याने मानावेत, पण माझ्यासमोर नको." पाळकाचं तोंड अर्धवट उघडं होतं. "तीन आठवडे मी जेवलो. मी जेवावं असं एका माणसाला वाटत होतं, म्हणून जेवलो. एवढ्याचे आभार. बाकीचं जड आहे, मला उचलत नाही."

आणि तो बसला. आमेन म्हणायचं की नाही हे मंडळीला ठरवता येईना. म्हाताऱ्या दोघी म्हणाल्या, बाकीचे राहिले. पाळकाने घाईने पुढचं गीत सांगितलं. गाणं सुरू झाल्यावर, सगळे उभे असताना, बाकावर बसूनच बायकोने विचारलं, ओठ न हलवता, "कधी कळलं?"

"काल. तू इस्त्रीला गेली होतीस तेव्हा."

"मग काल सूप कशाला घेतलंत?"

त्याने गीतांचं पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं. गाण्याची दोन कडवी गेली.

बाहेर पडताना पाळक फळ्यापाशी उभा होता. चेहरा उतरलेला. एक हात उजवीकडच्या चिठ्ठ्यांवर, टाचणी काढायच्या बेतात. "माफ करा हं," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने कोपर धरलं नाही. "मी या पुन्हा विनंतीच्या बाजूला लावतो. सगळे मिळून मागू आपण."

"नको," काटेवाला म्हणाला. "त्या तिथेच राहू द्या. त्यांत चूक नाही. मी तपासल्यात."

घरी आल्यावर तिने चप्पलही काढली नाही. सरळ बोळात गेली, मशीनवरची कात्री घेऊन. खांबामागे हात घातला, कच्चकन दोरा तुटला. खिट्टी काढलेलीच होती. दांडी हलली, खाली गेली, वर आली, आणि शून्यावर, मधोमध स्थिर झाली. दोघं दांडीकडे बघत राहिले. रिकामा काटा, बरोबर. मग बायको भिंतीला टेकून रडली. आवाज न करता, तोंडावर मूठ धरून, मुठीत शिसं. समजूत घालणं त्याला कधी जमलं नव्हतं. तो म्हणाला, "तिसरी चकती जरा जास्त झाली. अर्धी पुरली असती. एकदम अर्धा किलो वाढलं की कुणालाही शंका येते." ती रडता रडता हसली आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. "वा," म्हणाली, "शिकवणारा कोण?" मग मूठ उघडून तिने चकत्या पुढे केल्या. त्याने त्या घेतल्या. चिमटा नाही, मखमल नाही, उघड्या हाताने. ओल्या होत्या, गरम होत्या. किती भरतील, हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण तिच्या घामासकट भरल्या असत्या आणि तो आकडा त्याला नको होता.

ती पडद्याचा कोपरा उसवून बसली. तो काठ ताणून धरून समोर बसला. तिने एकेक चकती आत सरकवली आणि टाके घातले. पडदा पुन्हा टांगला तेव्हा वारा होता, पण कोपरा हलला नाही. उद्या सकाळी तो कुणाच्या तरी खोलीत जाणार होता आणि हे दोघं डॉक्टरबाईंच्या काट्यावर. ती स्वयंपाकघरात गेली. वाटी घेऊन आली, पण टेबलावर ठेवायच्या आधी दारातच थांबली.

"आता कशाला, असं म्हणणार असाल तर तसं सांगा," ती म्हणाली. "मी जबरदस्ती नाही करणार."

तो वाटीकडे बघत होता. आता खरंच कशाला? वाढायचं काही उरलं नव्हतं. साठच्या खाली काय एकोणसाठ आणि काय अठ्ठावन्न. पोटात दुखत होतं, भूक नव्हती, आणि मांडीवर ठेवलेल्या दोन्ही हातांत काही नव्हतं. कुठे ठेवायचे ते कळेना. नखांत पडद्याचा धागा अडकला होता.

"ठेव," तो म्हणाला.

तिने वाटी ठेवली, समोर बसली आणि सवयीप्रमाणे हात जोडून डोळे मिटले. त्यामुळे त्याने खिडकीकडे बघितलं नाही हे तिला दिसलं नाही. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले तेव्हा त्याचे हात अजून जोडलेलेच होते. सूप कोमट होऊन गेलं. मग त्याने चमचा उचलला आणि मध्ये दोनदा थांबून, एकदा टेबलाची कड धरून, ते संपवलं.